‘उठलात का?’ची फेरमोजणी

मंगळवार, ता. ४ फेब्रुवारी
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

प्रिय ताई,

नमस्कार. हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा मी पेन्सिलींना टोक करत होतो. सहापैकी चार झाल्या आहेत. दोन राहिल्यात, त्या पत्र संपल्यावर करीन, कारण तुला सांगितल्याशिवाय आता हात चालत नाही. मला नोकरी लागली.

नोकरी लोकमोजणीच्या कार्यालयात आहे. जनगणना नव्हे. दारोदार जाऊन विचारायचं, की सकाळी रेडिओवर काय ऐकता. एका घराला एक फॉर्म. माझ्या वाट्याला एकशे चाळीस घरं आली आहेत. शिक्षण आठवीपर्यंत, हे मी अर्जात स्पष्ट लिहिलं होतं. साहेब म्हणाले, अक्षर बघून घेतलंय, इयत्ता बघून नाही. आईला सांगितलं तेव्हा ती सहाच्या पाळीला निघायच्या घाईत होती. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ती उशिरा पोचली तर दूध नासतं म्हणे. दारातून परत आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मग धावत गेली.

आता काळजीची गोष्ट. ही मोजणी तुमच्याच केंद्राने करायला दिली आहे. अर्जात एक रकाना होता, ‘रेडिओत जवळचे नातेवाईक आहेत काय?’ मी कारकुनांना विचारलं, मावसबहीण जवळची धरायची का. ते म्हणाले, जवळचे म्हणजे सख्खे. म्हणून ‘नाही’ लिहिलं. खोटं नाही ना झालं? रात्री दोनदा उठून त्याचाच विचार केला.

काल तालमीसाठी आमच्याच गल्लीत फिरलो. ताई, एवढ्या गमती आहेत की काय सांगू. घड्याळजींना रेडिओतलं फक्त एक आवडतं, सात वाजताचे ठोके. त्या वेळी ते अकरा घड्याळं पुढ्यात मांडून बसतात आणि ठोके झाले की रेडिओ बंद. मधे जे काय चालतं ते सगळं वेळ घालवणं आहे, असं त्यांचं मत. केस कापणारे काका खुर्चीतल्या गिऱ्हाईकाकडे बघून स्टेशन बदलतात. टक्कल असेल तर बातम्या. समोरच्या घरात नवऱ्याला बोलणं हवं, गाणी नकोत. बायकोला गाणी हवीत, बोलणं नको. भांडून भांडून काटा दोन स्टेशनांच्या मधे ठेवलाय. तिथे नुसती खरखर येते, आणि दोघंही ती ऐकत चहा पितात. फॉर्ममध्ये खरखरीला रकाना नाही. साहेबांना विचारणार आहे.

आपला,
पट्टी


रविवार, ९ फेब्रुवारी

लाडक्या पट्टी,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग आमच्या ध्वनिमुद्रणवाल्या दादांना मोठ्याने वाचून दाखवलं. खरखर ऐकत चहा पिणारे म्हटल्यावर त्यांनी हेडफोन काढून ठेवला. अरे, तू नोकरीला लागलास आणि तीसुद्धा माझ्याच मुळावर. (चेष्टा करते. लगेच घाबरू नकोस.)

सख्खे म्हणजे सख्खे. कारकुनांनी सांगितलं ना, झालं तर मग. लहानपणी शुभेच्छापत्रावरसुद्धा पट्टीने ओळी आखणारा मुलगा तू, तुझं खोटं कोण काढणार.

आता खरं बोल. माझ्याबद्दल काय म्हणतात? पाच वर्षं झाली, रोज साडेसहाला त्या काचेच्या खोलीत बसते आणि ‘उठलात का?’ विचारते. समोर काच, काचेपलीकडे दादा, दादांच्या हातात बिस्कीट. दुसरं कुणी दिसत नाही. हवामान सांगते, बस कुठली उशिरा आहे ते सांगते, कुणाची किल्ली सापडली ते सांगते, गाणी लावते, जोक करते. कोण हसतं, कोण कपाळावर हात मारतं, मला काय ठाऊक. पत्रं येतात, पण पत्रं कोण लिहितं? ज्यांना फार आवडतं ते, आणि ज्यांना फार राग येतो ते. तुमच्याच गावात एक निवृत्त मास्तर आहेत. बाईंनी बोलणे आवरते घ्यावे, अशी त्यांची अकरा पत्रं माझ्याकडे आहेत. अक्षर इतकं सुंदर की फाडवत नाहीत.

तू दारोदार फिरणार. मला एक एक गोष्ट लिही. आकडे नको सांगू, तुझा नियम असेल. पण चेहरे सांग.

तुझी ताई


सोमवार, ता. १७ फेब्रुवारी
संध्याकाळचे सात

प्रिय ताई,

नमस्कार. आजच एकशे चाळिसावा फॉर्म पुरा केला. आकडे सांगणार नाही, हे तू स्वतःच म्हणालीस ते बरं केलंस, नाहीतर मला तुला नाही म्हणावं लागलं असतं. साहेबांनी माझे फॉर्म वर्गासमोर दाखवावेत तसे सगळ्यांना दाखवले. एकही खाडाखोड नाही. बाकीचे मोजणीदार माझ्याकडे जरा तिरके बघत होते. त्यांतच ते तुझे मास्तर आहेत. दुसरा विभाग त्यांच्याकडे आहे. निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून हे काम करतात. त्यांनी माझे ऱ्हस्वदीर्घ तपासले आणि एकही खूण न करता फॉर्म परत दिले.

काम दहा ते पाच. नियम सोपे आहेत. प्रश्न पहिला, घरात रेडिओ आहे का? नसेल तर फॉर्म तिथेच संपतो. असेल तर प्रश्न दुसरा, घरातलं कोण ऐकतं? प्रश्न तिसरा, काय ऐकतं?

माझ्या विभागात एक मोठी इमारत आहे. चार मजले, अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, पोटात उजेडासाठी सोडलेली चौकोनी मोकळी जागा, आणि सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या तिकडे उघडतात. तिथे माझं काम सगळ्यांत लवकर झालं. बहुतेकांकडे रेडिओ नाही. फॉर्म संपला, पुढचं दार. ज्या सात घरांत आहे तिथे दुपारी पुरुषमाणूस असला तर म्हणतो, आम्ही फक्त बातम्या ऐकतो. एक प्रोफेसर असं म्हणत होते तेव्हा मागे त्यांची मुलगी तोंडात ओढणी कोंबून हसत होती. पण उत्तर घरातल्या मोठ्या माणसाचं धरायचं, असा नियम आहे.

तळमजल्यावरचे निवृत्त बसचालक तर भारीच. त्यांच्याकडे इमारतीतला सगळ्यांत मोठा रेडिओ आहे, टेबलाएवढा. त्यांनी पाटी पुढे केली, तिच्यावर लिहून विचारलं, कोण ऐकतं? ते म्हणाले, कुणी नाही. एकटा राहतो, दोन्ही कान गेलेले आहेत. पस्तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलो. मी लिहिलं, रेडिओ आहे, ऐकणारे शून्य. असा फॉर्म दुसऱ्या कुणाकडेही नाही.

नर्सबाई, तिसरा मजला, रात्रपाळी करून येतात. त्या म्हणाल्या, रेडिओ नाही माझ्याकडे, पण सकाळी ती बाई बोलायला लागली की मला झोप लागते. फॉर्म तोवर संपला होता. तुला वाईट वाटू नये. त्यांनी हे फार प्रेमाने सांगितलं.

आपला,
पट्टी


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पट्टी,

आज केंद्रप्रमुखांनी बोलावलं होतं. तुझ्या विभागात एकशे चाळीस घरांपैकी अकरा घरं ‘उठलात का?’ ऐकतात. अकरा. बाकीचे विभाग बरे आहेत, पण तुझा विभाग म्हणजे दाट वस्ती, सकाळी कामाला जाणारी माणसं. कार्यक्रम ज्यांच्यासाठी म्हणून सुरू केला तीच ही माणसं. त्यांनाच नको असेल तर चालवायचा कुणासाठी, असं ते म्हणाले. एकतीस मार्चला शेवटचा भाग. पुढे साडेसहा ते आठ मशीनवर गाणी लागतील, मधे कुणी बोलणार नाही. मला तबकड्यांच्या खोलीत याद्या करायला बसवणार आहेत. खोलीला खिडकी नाही.

प्रमुखांनी वर मोजणीदाराचं कौतुक केलं. म्हणाले, इतके स्वच्छ फॉर्म कधी पाहिले नव्हते.

मी तुला चेहरे सांग म्हटलं होतं आणि तू मला हसतखेळत सगळं सांगत बसलास. अकराच घरं आहेत हे तुला माहीत होतं. नियम म्हणून गप्प बसलास तेही समजू शकते. पण तुला काहीच वाटलं नाही? बहिरा म्हातारा, शून्य ऐकणारे, आणि तुला गंमत वाटली?

खरं सांगू, राग तुझा नाही. अकरा माणसांशी मी पाच वर्षं इतक्या जोरात बोलत होते, याची लाज वाटते आहे.

ताई


मंगळवार, ता. ४ मार्च
सकाळचे आठ वाजून पाच मिनिटे

प्रिय ताई,

मी चुकलो. पण कसा चुकलो ते आत्ता, दीड तासापूर्वी कळलं. घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय, सांभाळून घे.

तुझं पत्र काल आलं. जेवण गेलं नाही. सगळे फॉर्म आठवून आठवून पाहिले, कुठेच चूक सापडेना. मग एक गोष्ट डोक्यात आली. मी दहा ते पाच फिरलो. तुझा कार्यक्रम साडेसहाला. म्हणजे ज्या वेळेबद्दल विचारत होतो त्या वेळी मी तिथे एकदाही नव्हतो.

म्हणून आज सव्वासहाला त्या मोठ्या इमारतीत गेलो. पोटातल्या मोकळ्या जागेत, तळाशी, एका बादलीशेजारी उभा राहिलो. वरपर्यंत सगळ्या खिडक्या उघड्या. भांड्यांचे आवाज, कुणाचं तरी खोकणं. बरोबर साडेसहाला बसचालकांनी खिडकीत तो टेबलाएवढा रेडिओ आणून ठेवला आणि बटण पिळलं. स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे आवाज केवढा ते त्यांना कळत नाही. तू म्हणालीस, “उठलात का?” आणि ताई, चारी मजल्यांवरून उत्तर आलं. “उठलो गं बाई.” बायका, पोरं, तोंडात ब्रश असलेली माणसं. एकसुरात नाही, कुणी आधी, कुणी मागे, कुणी वैतागून. कुणीतरी म्हणालं, नाही उठलो, काय करशील? त्यावर तीन मजले हसले.

मी वही काढली आणि लिहीतच सुटलो. पहिलं गाणं संपलं की आंघोळीचा नंबर बदलतो. त्यांचं ठरलेलं आहे, एका गाण्यात एक आंघोळ, आणि लांब गाणं लागलं तर ज्याचा नंबर त्याची चैन. हवामान सुरू झालं की कपड्याच्या दोऱ्यांवरचे हात थांबतात. तू म्हणालीस आज कोरडं, की फटाफट कपडे पडतात दोरीवर. बस उशिरा म्हटल्यावर चौथ्या मजल्यावरच्या माणसाने बूट काढून पुन्हा चहा मागितला. तुझ्या जोकवर दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद झाली. तीसुद्धा लिहिली आहे. खिडकी बंद केली म्हणजे ऐकलं तर खरं. नर्सबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या, जोकनंतर जांभई देऊन आत गेल्या.

या सगळ्यांकडे रेडिओ नाही. फॉर्म पहिल्याच प्रश्नाला संपला होता. आणि ज्यांचा रेडिओ आहे, त्यांना ऐकू येत नाही. आठ वाजायच्या आत बाहेर धुलाईवाल्याच्या दुकानापर्यंतही जाऊन आलो. तो दुकानात लावतो, समोरची घरं ऐकतात. दुकान म्हणजे घर नव्हे, म्हणून ते माझ्या यादीतच नव्हतं.

बसचालकांकडे गेलो. पाटीवर लिहून विचारलं, ऐकू येत नाही तर लावता कशाला? ते म्हणाले, “मी माझ्यासाठी कुठे लावतो? मागे एकदा तो बिघडला, तर अर्धी इमारत कामावर उशिरा पोचली. वरच्या नर्सबाई माझ्याशी भांडायला आल्या. पस्तीस वर्षं लोकांना वेळेवर पोचवलं, आता बसल्या जागी पोचवतो.” चालू झालाय की नाही ते कसं कळतं, असं विचारलं, तर माझा हात धरून रेडिओच्या लाकडावर ठेवला. थरथरत होतं. म्हणाले, ही बाई हसते तेव्हा वेगळं लागतं.

त्यांना मी सांगितलं नाही तू कोण ते.

आपला,
पट्टी


शनिवार, ८ मार्च

माझ्या सोन्यासारख्या पट्टी,

पत्र दादांना वाचून दाखवताना माझा आवाज फुटला. रोज लाखभर माणसांसमोर न फुटणारा आवाज, (बरं, अकरा माणसांसमोर) दादांसमोर फुटला. ते बिस्कीट घेऊनच बाहेर गेले. परत आले तेव्हा डोळे धुतलेले होते.

एका गाण्यात एक आंघोळ. अरे, मी परवा सात मिनिटांचं गाणं लावलं होतं. कुणाची चैन झाली असेल?

आता घाई कर. वहीतलं सगळं नीट फॉर्मवर उतरव आणि साहेबांकडे दे. पण एक ऐक. आपण मावसभावंडं आहोत हे आत्ता सांगू नकोस. मला तुझा स्वभाव माहीत आहे, तुझ्या पोटात राहणार नाही. एकतीस मार्च जाऊ दे. सख्खे नाही म्हणजे नाही, तुझ्या कारकुनांनीच सांगितलंय. आपण खोटं काही मागत नाही. जे आहे तेच मोजायला सांगतोय. एवढंच, की आत्ता बोललास तर कुणी तुझ्या वहीकडे बघणारही नाही.

माझ्यासाठी एवढं कर. आणि तू स्वतः रोज ऐकतोस ना रे? इतक्या दिवसांत कधी लिहिलं नाहीस, काय आवडतं ते.

तुझी ताई


मंगळवार, ता. ११ मार्च
रात्रीचे नऊ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र आज दुपारी मिळालं. मी सकाळीच साहेबांना सांगून बसलो होतो.

पत्र कालच मिळालं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार करतोय. खरं म्हणजे, तरीही सांगितलं असतं. उगाच टपालावर ढकलत नाही.

काय झालं ते सांगतो. वहीतलं सगळं स्वच्छ उतरवून, त्यांच्या टेबलावर ठेवलं. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. त्यांना पटलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. हातातली पेन्सिल टेबलावर वाजवत म्हणाले, की ही चूक फक्त तुझी नाही, फॉर्म ज्याने काढला त्याची आहे, आणि तो मीच आहे. मग उठून उभे राहिले, मला बस म्हणाले. एवढं चांगलं चाललं होतं, आणि मी म्हणालो, साहेब, त्या कार्यक्रमातल्या बाई माझ्या मावसबहीण आहेत.

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंस?”

मी कारकुनांचं सांगितलं.

“मग नियमाप्रमाणे तू बरोबर आहेस. आता का सांगतोयस?”

मी म्हणालो, “आधी माझ्या मोजणीने तिचं नुकसान होत होतं. तेव्हा ती माझी कुणीही असली तरी चाललं असतं. आता फायदा होणार आहे.”

त्यांनी माझे फॉर्म, जुने आणि नवे, दोन्ही गठ्ठे बाजूला ठेवले. या मोजणीतून मला काढलं आहे. नोकरीतून काढतील की नाही, ते महिनाअखेरीला कळेल. पण विभागाची फेरमोजणी होणार आहे, सकाळी साडेसहा ते आठ याच वेळात, आणि पहिला प्रश्न बदलला आहे. आता असं विचारायचं, सकाळी तुमच्या कानावर काय पडतं?

फेरमोजणी मास्तर करणार आहेत. साहेब म्हणाले, त्यांच्यावर कुणी पक्षपाताचा आळ घेणार नाही.

आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की तू कार्यालयाच्या बाजूने आहेस की ताईच्या, तेच मला कळत नाही.

आपला,
पट्टी


शनिवार, १५ मार्च

पट्टी,

मास्तर. ज्यांनी अकरा पत्रं लिहिली ते मास्तर.

खिडकी नसलेल्या खोलीत मी एक कुंडी नेऊन ठेवली आहे. बघू जगते का.

ताई


बुधवार, २ एप्रिल

पट्टी रे,

तुझं काहीच पत्र नाही. मी रागावले म्हणून गप्प आहेस ना? मीही गप्पच होते. एकतीस तारखेला शेवटचा भाग म्हणून गेले तर दादांनी काचेवर कागद चिकटवला होता, ‘निरोप घेऊ नका’. तसाच कार्यक्रम केला. संपल्यावर प्रमुखांनी बोलावलं आणि मास्तरांचा अहवाल माझ्या हातात दिला.

एकशे एक्केचाळीस घरं. त्र्याण्णव घरांत रोज सकाळी मी ऐकू जाते.

पट्टी, त्र्याण्णव. मी अहवाल घेऊन जिन्यावर बसले. मास्तर सोळा दिवस सव्वासहाला त्या इमारतीत उभे होते. प्रत्येक खिडकीपुढे खूण आहे. बसचालकांच्या नावापुढे ‘ऐकणारे शून्य’ खोडून लिहिलं आहे, ‘ऐकवणारे एक’. आणि शेवटी शेऱ्याच्या जागी त्यांच्या त्या सुंदर अक्षरात: ‘बाई आवश्यकतेपेक्षा पुष्कळच अधिक बोलतात, हे माझे मत कायम आहे. तथापि कार्यक्रम बंद केल्यास या विभागातील लोक कामावर वेळेत पोचणार नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.’ प्रमुखांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, चालू ठेवा.

तू बोलला नसतास, तुझीच वही पुढे गेली असती, आणि महिन्याभराने नातं बाहेर आलं असतं, तर त्या त्र्याण्णवांवर कुणी विश्वास ठेवला नसता. मास्तरांच्या अक्षरावर मात्र सगळ्यांनी ठेवला. हे मला त्या जिन्यावर कळलं. तू चुकीच्या वेळी खरं बोलतोस असं मी लहानपणापासून म्हणत आले. ते शब्द परत घेते.

आणि हो, आधीची एकशे चाळीस आणि आता एकशे एक्केचाळीस. वाढलेलं ते घर तुमचंच, मास्तरांच्या यादीत पत्ता पाहिला. निदान त्या एका खुणेची तरी मला खात्री होती.

तुझी ताई


सोमवार, ता. ७ एप्रिल
सकाळचे आठ वाजून तीन मिनिटे

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मी आईला चारदा वाचून दाखवलं. शेजारच्यांना तिने तोंडी सांगितलं, त्यात त्र्याण्णवचे एकशे त्र्याण्णव झाले. मी दुरुस्त करून आलो.

नोकरी राहिली. रेडिओच्या मोजणीवर पुन्हा घेणार नाहीत, साबणाच्या मोजणीवर घेतलं आहे. साबणाच्या धंद्यात आपलं कुणी नातेवाईक नाही ना, हे आईला दोनदा विचारून घेतलं.

आता एक गोष्ट सांगायची आहे. तू माझ्यावर रागावू नकोस असं म्हणणार नाही, रागाव. पण आकडा बरोबर असला पाहिजे.

ती त्र्याण्णव घरं आमचं घर सोडून आहेत.

अठ्ठावीस मार्चला पावणेसात वाजता मास्तर आमच्या दारात आले. पहिल्या मोजणीत माझं घर राहिलं होतं, कारण स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नाही. आई सहाच्या पाळीला गेली होती. ती तिकडे भटारखान्यात ऐकते, त्यामुळे ती या घरात धरता येत नाही. मास्तर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, “सकाळी तुमच्या कानावर काय पडतं?”

निकाल तेव्हा लागलेला नव्हता. किती घरं झाली, किती लागतात, मला काहीच माहीत नव्हतं. कदाचित एका घरानेच निकाल फिरला असता. आणि घरात शांतता होती, रेडिओ समोर फळीवर, बंद. मास्तरांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि पेन्सिल कागदापासून जरा वर धरून थांबले. मला वाटतं, ते मला वेळ देत होते. मी म्हणालो, काही नाही.

ते म्हणाले, “बहिणीचा कार्यक्रम ऐकत नाही?”

मी नाही म्हणालो. त्यांनी तसं लिहिलं, आणि जाताना मला नमस्कार केला. त्यांच्यासारख्या वडील माणसाने मला नमस्कार करावा, हे बरं नाही वाटलं.

तुझ्या पहिल्या महिन्यात एकदा ‘हरवले सापडले’ सांगता सांगता तू मधेच थांबलीस. चार सेकंद काहीच नाही. तुला आठवतसुद्धा नसेल. मी टेबल धरून उभा होतो, आणि त्या चार सेकंदांत मला वाटलं की आता तू रडशील, तुला काढून टाकतील. तू खाकरलीस आणि पुढे बोललीस. पण त्यानंतर मी रोज सहा एकोणतीसला रेडिओ बंद करत आलो. पाच वर्षं. त्या इमारतीत उभा होतो तेव्हासुद्धा मी लोकांकडे बघत होतो, तुझ्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. म्हणून तू विचारलंस काय आवडतं, त्याला उत्तर दिलं नाही.

आज मात्र लावला. साडेसहा ते आठ, सगळा. मोजणी संपलेली असल्यामुळे याची कुठेही नोंद होणार नाही. तरी मी कागदावर लिहून ठेवलं आहे, ते इथे उतरवतो.

तू चुकलीस: दोनदा. (एकदा बसचा नंबर, एकदा वार. आज सोमवार आहे.)
खाकरलीस: एकदा.
जोक: चार. त्यांतला एक मला कळला नाही. एकावर हसलो.
रेडिओ बंद करायला उठलो: तीनदा.
बंद केला: एकदाही नाही.

आपला,
पट्टी